मोनो

माइक कोल्हापूरहून मागवले, जोडीनं.
दुकानदार फोनवर म्हणाला, स्टिरिओ हवं तर दोन लागणारच,
कानांसारखे.
साडेसहा हजाराला एक.
मी तीन ट्रॉलरांचे फिशफाइंडर दुरुस्त केले
(एकाचे पैसे अजून यायचेत)
आणि दोन कान विकत घेतले.

वेंगुर्ल्याची हवा काय काय खाते ते मला ठाऊक आहे.
आधी जॅकची चमक,
मग सोल्डरच्या कडेनं हिरवी होत आत शिरते,
आणि एके दिवशी बोटीला खाली मासे दिसेनासे होतात.
म्हणून महागातल्या पिना घेतल्या, सोन्याचं पाणी दिलेल्या,
आणि माइक ठेवायला बायकोकडे डबा मागितला.
तळाशी भाजलेले तांदूळ, वर कोरडं फडकं, घट्ट झाकण.
डबा सोड्यांचा निघाला.
बास्त्यांवमास्तर पहिल्या दिवशी माइकजवळ वाकला
आणि म्हणाला,
"जेवान जाल्यार वाजवया मरे."

भिंतींना थर्माकोल लावून झालं होतं.
थर्माकोल आवाज थोपवत नाही,
थोपवल्यासारखं नुसतं वाटतं.
मग काथ्याच्या कारखान्यातून उसवलेली पायपुसणी आणली,
किलोवर,
खिळे मारमारून छतापर्यंत नेली.
टाळी वाजवून पाहिली.
टाळी हातातच राहिली.

पंखा बंद. फ्रिजचं बटण बंद. घड्याळ परसात, केळीखाली.
राहता राहिला पलीकडचा बर्फाचा कारखाना:
त्याचा कॉम्प्रेसर वीस मिनिटं चालतो, सहा मिनिटं थांबतो.
आमचं सगळं संगीत
त्या सहा मिनिटांत.

एकतीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलेला माणूस
मोकळ्या रस्त्याला फुंकायचा, वरातीच्या शेवटच्या माणसाला.
त्याला म्हणालो, मास्तर, इथं कुणी लांब नाही.
हळू.
त्याला हळू येईना.
दर वेळी लाल रेघ, दर वेळी मी हात वर करायचो,
तो थांबायचा आणि भिंतीवरल्या पायपुसण्यांकडे बघायचा.

दोन माइक फार लांब ठेवले
तर एकाच सुराचे दोन तुकडे एकमेकांना गिळतात.
फार जवळ ठेवले तर मग दोन कशाला?
वीतभर अंतर सापडायला मला आठवडा लागला.

पाचव्या खेपेला जमलं. मधे एक श्वास, ओला, खरखरीत,
तो मी ठेवला.
हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले.
तो ऐकत राहिला, मान एका अंगाला किंचित कलती,
आणि म्हणाला,
"उजवीकडचो बंद पडलो तुझो."

वायर बदलली. पिन पुन्हा डागली.
माइकांची अदलाबदल केली, इकडचा तिकडे.
"उजवीकडे कायच नाय."
दुसरे हेडफोन आणले, शेजारच्या मिलिंगकडून.
"नाय."
शेवटी हेडफोनच उलटे चढवले,
उजवा डाव्याला, डावा उजव्याला.
मुकी बाजू
तरीही उजवीच.

मी सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवली.
बिघाड शोधायचा धंदा माझा,
एकेक जोड वगळत जायचं, उरेल तो दोषी.

बँडमध्ये त्याच्या उजव्या हाताला जुझे असायचा,
बास ड्रम पोटावर बांधून.
एकतीस वर्षं, प्रत्येक वरातीला, हातभर अंतरावर.
जुझे गेल्याला चार वर्षं झाली.

मास्तरनं हेडफोन काढले,
वायर नीट गुंडाळली, मी शिकवली होती तशी, पीळ न पडू देता.
"माका वाटला," तो म्हणाला,
"जुझे गेलो,
म्हणान ती बाजू गप झाली."

एक माइक मी सोडवला, फडक्यात गुंडाळून तांदळात ठेवला.
दुसरा त्याच्या समोर आणला, मधोमध.
पडद्यावरच्या दोन रेघांची एक केली.

तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू झाला.
वीस मिनिटं.
मास्तरनं रीड सोडवून तोंडात धरली,
वाळू नये म्हणून,
आणि आम्ही दोघं
बर्फ होण्याची वाट बघत बसलो.