दोन नंबरचा ट्रान्सफॉर्मर

ऐरोलीत, खाडीकडच्या सबस्टेशनवर
मी रात्रपाळीचा ऑपरेटर.
तासातासाला आकडे उतरवायचे:
तेलाचं तापमान, लोड, फ्रिक्वेन्सी.
गाण्याशी माझा संबंध एवढाच
की शाळेत प्रार्थनेला गुरुजी म्हणायचे,
तू नुसते ओठ हलव.

शाल्मली तरीही माझीच.
सहाव्या वर्षापासून कोपरखैरण्याच्या टिपणीसबाईंकडे.
तिचा सा पांढरी पाचचा, हे बाईंनी पहिल्याच महिन्यात ठरवलं.
नवव्या वर्षी खारघरला, सात नंबरच्या खाटेवर,
सलाईनच्या पंपाची टीटी बेसूर आहे
अशी तिची सिस्टर जिन्सीकडे तक्रार.

मीच म्हणालो होतो, आता गाणं नको,
दम राखून ठेव.
कशासाठी, तिनं विचारलं.
मला उत्तर आलं नाही.
तिच्या आईनं टॉवेलच्या घडीतून
अलंकारांची वही काढली, निळ्या पुठ्ठ्याची.
घरून निघतानाच घेतली होती,
मला न सांगता.

तिसऱ्या केमोनंतर तोंड आलं.
पाण्याचा घोटसुद्धा काचेसारखा.
बाई फोनवर म्हणाल्या, ओठ मिटून गुणगुणू दे,
फक्त सा धरायला कुणीतरी हवं.
मोबाइलमधला तानपुरा तिला चालेना.
म्हणायची, तो कुणाचाच नाहीये.

मग एका रात्री दीडला फोन.
बाबा, तुझ्या मागे काय वाजतंय?
काही नाही गं, ट्रान्सफॉर्मर.
जवळ ने.
कुंपणापर्यंत गेलो, फोन जाळीला टेकवला.
दोन नंबर. सोळा वर्षं ऐकत होतो त्याला,
म्हणजे ऐकत नव्हतो.
पलीकडं बराच वेळ काहीच नाही.
आणि मग त्या घुमण्याच्या वर, खूप वर,
मिटल्या ओठांमागून निघालेला बारीक धागा.
बाबा, हा माझाच सा आहे. खर्जातला.
किंचित चढा आहे, पण चालेल.

त्यानंतर रोज.
लॉगबुकात लिहायचो: १.३० ते १.४५, यार्डात फेरी.
खोटं नव्हतं.
वाघचौरेनं एकदा पाहिलं, बोलला काहीच नाही.
दुसऱ्या रात्री जाळीपाशी एक प्लास्टिकची खुर्ची होती.

एकदा म्हणाली, आज उतरलाय तुझा सा.
आत येऊन मीटर बघितलं.
एकोणपन्नास पॉइंट सात.
देशात कुठंतरी लोड वाढला होता
आणि खारघरच्या सात नंबर खाटेला ते
माझ्याआधी कळलं होतं.

फेब्रुवारीत दोन नंबर दुरुस्तीला बंद घेतला.
परमिटवर सही माझीच.
दीडला फोन आला. मी एक नंबरकडे धावलो.
तो नको, म्हणाली, तो घोगरा आहे.
तूच लाव.
मला येत नाही, शालू.
लाव ना.

डोक्यावर हेल्मेट, समोर मुका पडलेला दोन नंबर,
आणि मी आ केला.
गुरुजी आठवले.
वर. अजून. नाही, जास्त झालं.
खाली ये. थोडासाच.
हं. तिथंच थांब.

थांबलो.
कुठल्या आकड्यावर एवढा जपून थांबलो नव्हतो आजवर.
तिचं गुणगुणणं आलं
आणि माझ्या आवाजाला टेकून बसलं,
ताप उतरताना ती आईला टेकून बसते तसं.

यंत्राला श्वास लागत नाही.
मला लागतो.
छाती रिकामी होत गेली तरी मी ओढतच राहिलो,
सोडवेना,
सोडलं तर काय होईल याची भीती
आवाजात थरथरायला लागली.

तिला ते ऐकू गेलंच.
बाबा, श्वास घे, म्हणाली.
तोवर मी धरते.