मधली जागा

स्पीकर त्याचे.
तुर्भ्याच्या वखारीतून आणलेल्या प्लायची खोकी,
आत गादीचा कापूस, आणि तळाला पेन्सिलीने मांडलेलं
लिटरांचं गणित, अजून वाचता येतं.
अँप्लिफायरही त्याचाच. नऊ किलो.
मागे काळ्या पत्र्याचे कंगवे, उष्णता विंचरून टाकायला.
विद्याधरने रबाळ्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून आल्यावर
महिनाभर दुपारी बसून जोडलेला, असं शैला सांगते.
त्यात कौतुक नसतं, तक्रारही नसते,
विजेच्या बिलाचा आकडा सांगावा तसं.

मी आलो तेव्हा माझ्यासोबत दोन बॅगा होत्या,
बीपीच्या गोळ्या,
आणि डब्याएवढा एक नवा अँप्लिफायर, रुपेरी,
फोनवरून वाजणारा.
एकसष्टाव्या वर्षी माणूस
दुसऱ्याच्या घरात याहून जास्त काय घेऊन येणार.
नेरूळ, सेक्टर दहा, दुसरा मजला,
ओहोटी लागली की खिडकीतून खाडीचा वास.

"तुझे स्पीकरही आण की," ती म्हणाली होती.
जागा नाही म्हणालो.
खरं तर हे वाजतात तसे वाजणारे
मी कधी घेतलेच नव्हते.

तर प्रश्न एवढाच: यंत्रं दोन, स्पीकरची जोडी एक.

करावे गावात हसुराम भोईर,
हळदीच्या मांडवात रात्रभर धडधडणाऱ्या
कपाटाएवढ्या डब्यांचा डॉक्टर.
माझं सगळं ऐकून घेतलं त्याने,
सोल्डरचा धूर फुंकरीने बाजूला केला.
"दोन्ही एकदम नाय लावाचं.
याचा करंट त्याच्या पोटात जायल.
स्पीकरला काय नाय व्हनार.
मशीन मरल. एक तरी."

मी विचारलं, काळ्या वायरी तरी एकत्र बांधल्या तर?
लाल तेवढ्या बदलू. स्विच लहान लागेल.
तो हसला.
"जुन्याची काली थंड हाय.
नव्याची काली बी जिती हाय, सायेब."

चार वायरींचा स्विच लागेल म्हणाला,
दोन लाल, दोन काळ्या,
एका खटक्यात सगळ्या सुटल्या पाहिजेत.
आधी सुटायचं, मग धरायचं.
आणि मध्ये एक जागा, जिथे कोणीच नाही.

चार दिवसांनी पत्र्याची डबी तयार.
हातात मार्कर घेऊन त्याने विचारलं,
"लिवू काय? एक नंबर, दोन नंबर?"

दुकानात एक पोरगा फाटलेल्या कोनाला डिंक लावत होता,
बोटाने, अगदी कडेकडेने.
मी त्याच्याकडे बघत राहिलो.
"कोरं राहू दे," म्हणालो.
हसुरामने टोपण लावलं. साडेचारशे झाले.

आता डावीकडे तो, उजवीकडे मी.
म्हणजे त्याचं यंत्र, माझं यंत्र.
उजवीकडे सकाळच्या बातम्या, तिची योगनिद्रा,
तिच्या भाच्याने पाठवलेलं काहीबाही.
डग्ग्याची घूम माझ्यात मोजून मापून येते.
त्याच्यात ती जरा उशिरा थांबते,
उंबऱ्यात चप्पल घालता घालता
बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखी.
शैलाला हा फरक कळतो का,
मी विचारलेलं नाही.

पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो की
परत येईपर्यंत दुपार होते.
कधी कधी खटका डावीकडे असतो.
काळ्या कंगव्यांना हात लावून बघतो: कोमट.
उजवीकडे करून ठेवत नाही.

काल तो मध्येच होता.
कोणी मुद्दाम ठेवला, की झाडताना फडका लागला,
कोण जाणे.
ती मेथी निवडत होती. मी समोर बसलो,
अर्धी जुडी माझ्याकडे ओढली.
माती बरीच होती.
दोन पाण्यांनी धुवावी लागली.