ओठ

पुस्तकात गाढव एकदाच बोलतं.
शेवटून दुसऱ्या पानावर,
आंधळा गिरणीवाला बर्फात वाट चुकून बसतो तेव्हा:
"मला माहीत आहे वाट."
बस. चार शब्द.
त्याआधीची साठ पानं ते नुसती पोती वाहतं.

पटकथेत त्याला तीनशे बारा वाक्यं दिली.
त्यातली चाळीस विनोदी.

माझं काम ओठांचं.
पोर्तोमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, दिवसाढवळ्या पडदे ओढून
खऱ्या गाढवाच्या खऱ्या तोंडावर
मी बोलणारं तोंड चढवते.
'प'ला ओठ मिटायचे, 'ओ'ला गोल,
आणि दात जरा कमी पिवळे,
ही निर्मात्याची सूचना.

चित्रीकरण झालं वर, दोरू नदीच्या पठारावर,
जिथल्या गाढवांची लव गुडघ्यापर्यंत लोंबते,
उसवलेल्या गोधडीसारखी.
पडद्यावर एक गाढव, प्रत्यक्षात तीन.
चालायला बोनिफासियो. उभं राहायला सेरेजा.
आणि जवळून डोळे दाखवायला एक म्हातारं,
ज्याचं नाव विचारलं तर
अदोझिंदाबाई म्हणाल्या, "गाढव."

गिरणीच्या दारात सेरेजा अडली.
सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत.
गाजरं झाली, साखर झाली, शिट्ट्या झाल्या,
लिस्बनहून आलेला दिग्दर्शक दुआर्त
शेवटी चिखलात गुडघे टेकून
तिच्या खुरांशी बसला.
अडला हरी, दुसरं काय.
अदोझिंदाबाई भिंतीशी वाटाणे सोलत होत्या.
"दारामागे दिवा लावलाय तुम्ही," म्हणाल्या,
"उंबऱ्यावर तिला खड्डा दिसतोय."
दिवा हलवला. सेरेजा आत गेली.
सहा तासांचं भाडं कोणाच्या खात्यात टाकायचं
यावर मग संध्याकाळपर्यंत भांडण.

हे सगळं मी पाहिलं नंतर,
न कापलेल्या चित्रणात, रात्री, एकटी.
बसले होते ओठ शोधायला आणि दिसले कान.
एक मागे वळलेला, माणूस किती पावलांवर आहे ते मोजत,
दुसरा पुढे, वाऱ्याकडे.
बर्फ येतंय हे गाढवानं सांगून टाकलं होतं
माझ्या पहिल्या 'प'च्या आधी.

एका ठिकाणी म्हातारं गाढव उभं आहे.
कापसाचा बर्फ पडतोय.
नट त्याच्या मानेला टेकलाय, संवाद विसरलाय,
आणि विसरलोय हे कळू नये म्हणून डोळे मिटून घेतलेत.
गाढव हळूच वजन दुसऱ्या पायावर घेतं,
त्याला नीट टेकता यावं म्हणून.
अकरा सेकंद.

इथे एक वाक्य बसवायचं होतं.
ते चार शब्द नव्हेत. ते गेले,
आजच्या मुलांना संथ वाटतील म्हणून.
त्यांच्या जागी गाजरावरचा विनोद.

मी ते अकरा सेकंद तसेच सोडले.
फाइल बिघडली, असं कळवलं.
प्रदर्शनाला तीन दिवस होते,
खरंखोटं करायला कोणाला वेळ नव्हता.

गावात सिनेमा दाखवला
अग्निशामक दलाच्या शेडमध्ये, बंब बाहेर काढून.
मुलं हसली. खोटं कशाला सांगू,
कोंबडीच्या प्रसंगाला मीही हसले.
त्या अकरा सेकंदांना कोणाची तरी खुर्ची करकरली,
कोणी तरी खोकलं, एवढंच.
मी अदोझिंदाबाईंकडे पाहिलं.
त्या पुटपुटल्या, "खोगिराची गाठ उलटी."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बस यायच्या आधी,
बंबवाल्याचा नातू तोमे
गोठ्यासमोर उभा. म्हाताऱ्या गाढवाच्या तोंडाकडे
टक लावून.

"बोलत का नाही?"

"पैसे मिळाले तर बोलतं,"
अदोझिंदाबाई बादलीचा दांडा ठोकत म्हणाल्या.

"आणि फुकट?"

दांडा बसेना. त्यांनी बादली पालथी केली,
उलट बाजूनं ठोकून पाहिलं.

"फुकट ऐकतं."

तोमेनं मागे माझ्याकडे पाहिलं,
मी आहेच अजून, हे त्याला आवडलं नसावं.
मग तो आत गेला
आणि दार लोटून घेतलं.