अमावास्येचा डबा

पहिल्यांदा नापास झालो तेव्हा
पुस्तक माझं पिवळंधमक होतं.
ओळ न् ओळ मार्करनं रंगवलेली,
अकरा वेळा वाचलेली. सारंगाची परीक्षा.
साहेबांनी विचारलं, एकाखाली एक दोन लाल दिवे, म्हणजे काय?
मला पान दिसलं.
पानाच्या कोपऱ्यातला चहाचा डाग दिसला.
दिवे काही दिसले नाहीत.

धोपावे ते दाभोळ, दाभोळ ते धोपावे,
फेरीबोटीवर दोर फेकतो मी, तेरा वर्षं.
पलीकडच्या शाळेत शिकवणाऱ्या काझीबाई
स्कूटर स्टँडला लावता लावता म्हणाल्या,
"डोळ्यांना ओळखीचं वाटतं हो, जिभेला येत नाही.
पुस्तक मिटा, मग सांगा.
आणि थोडं विसरल्याशिवाय परत उघडू नका."

विसरायचं? फी भरून?

बिस्किटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले.
पुढे प्रश्न, मागे उत्तर. डबे तीन.
पहिला रोजचा, भरती लागली की उघडायचा.
त्यातलं जे न अडखळता आलं ते दुसऱ्यात, अष्टमीच्या,
भांगाला पाणी आळसावतं त्या दिवसासाठी.
तिथंही टिकलं तर तिसरा, अमावास्येचा.
चुकलं की मुकाट पहिल्यात.

हिरव्याखाली पांढरा? ट्रॉलर, जाळं ओढतोय.
लालाखाली पांढरा? मासेमारीच, पण ट्रॉल नाही.
दोर फेकताना एक, बांधताना एक,
मधल्या दहा मिनिटांत रिक्षा, टेम्पो, आंब्याच्या पेट्या
आणि तोंडातल्या तोंडात मी.
इंजिनातून परशा ओरडायचा, "जप चाललाय काय रे?"

उत्तर कधी ओठांपर्यंत येऊन अडतं.
गळाला काहीतरी लागलंय, दोरी ताणलीय,
मासा दिसत नाही.
पूर्वी लगेच पुस्तक उघडायचो.
आता दोरी धरून उभा राहतो. हाताला कळ लागेपर्यंत.

शेवटच्या फेरीला टोळकेश्वरचा दिवा दिसतो.
एवढी वर्षं त्याचा उजेडच बघत आलो.
पुठ्ठ्यावर लिहिताना कळलं,
मोजायचा असतो अंधार.
किती वेळ दिसला नाही, त्यावरून ठरतं
हा कुठला किनारा.

दिवाळीनंतर परत बसलो.
दोन लाल दिवे आलेच नाहीत, भलतंच विचारलं.
तरी पास.
उत्तर मात्र अजून येतं, झोपेतसुद्धा:
जहाज ताब्यात नाही.

डबे ठेवलेत. तिसऱ्यात एक पुठ्ठा आहे,
परीक्षेचा नव्हे.
पुढे लिहिलंय, धुकं पडलं की बाबा
वाळूची दांडी कशावरून ओळखायचे?
मागे कोरं.
वासाचं काहीतरी होतं. की पाण्याच्या आवाजाचं.
सांगितलं होतं त्यांनी, एकदाच, वल्ह्यावर बसून,
आणि मी हो हो म्हणालो होतो.

दर अमावास्येला तो हातात येतो.
उभा राहतो थोडा वेळ.
मग परत त्याच डब्यात.
नियमानं पहिल्यात टाकायला हवा.
रोज नाही जमायचं.