वर्दी

मी पंचफुला कुमरे, पोलीस पाटील, मौजा तांबडोह.
गणवेश नाही. शिट्टी नाही. काठी घरचीच,
म्हशीमागं जाते ती.
नेमणूक प्रांतसाहेबांची, काम ठाणेदाराचं,
मानधन कोणाचं ते मानधनालाच माहीत.
चार महिने झाले, निघालं आहे म्हणतात.

मंगळवारच्या बाजारात गेडाम जमादार
मडावीच्या टपरीवर भज्यांचा कागद उलगडून वाचतो:
दिल्लीत पोलिसांचा नवा कायदा येऊ घातला आहे,
एक देश, एक वर्दी, एक हुकूम.
निखाडे मास्तर म्हणतात, बरंच आहे की,
आमदाराच्या फोनवर बदल्या तरी होणार नाहीत.
जमादार म्हणतो, मग खासदाराच्या फोनवर होतील.
पोलीस हा राज्याचा विषय आहे गुरुजी,
तुम्हीच शिकवता ना पोट्ट्यांना?
मास्तर म्हणतात, धड्यात आहे. पेपरात येत नाही.
गेडाम अजून खुनाला तीनशे दोनच म्हणतो,
नवा आकडा त्याच्या जिभेवर बसत नाही.
तेलकट कागद फाटतो, अर्धा कायदा
मास्तरांच्या हातात, अर्धा त्याच्या.

मला कोणी विचारत नाही.
विचारलं तर मला नदीच आठवते.

पैनगंगा उन्हाळ्यात कंबरेएवढी.
इकडं आपला जिल्हा, तिकडं दुसरं राज्य,
मधात रेतीचं बेट, त्याच्यावर कोणाची पाटी नाही.
तिथं ती बाई पडली होती, पालथी.
डाव्या हातात सहा हिरव्या बांगड्या,
उजव्यात एक.
मी वर्दी दिली.
आमच्याकडं वर्दी आंगावर घालत नाहीत, साहेब,
पोचवतात.

ठाणेदार म्हणाले, पाण्याच्या कोणत्या आंगाला आहे ते पाय.
मी म्हटलं, पाणी दोन्ही आंगानं आहे.
डोकं कुठं आहे?
डोकं तिकडं. पाय इकडं.
मग त्यांची हद्द, म्हणाले, त्यांना कळव.
पलीकडून पोचन्ना कोतवाल ओरडला,
आमचा साहेब म्हणतो पायावरून धरा,
माणूस पायानं चालत येते, तुमच्याकडूनच आली ती!
झिरोवर गुन्हा कुठंही घेता येते असं
ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, चहाबिस्किटं देऊन.
मी ते बोलली. फोन कटला.
टॉवर तिकडचा, बॅलन्स माझा.

अंधार पडला. कुत्रे आले.
मी बॅटरी घेऊन बसली, तिच्या डोक्याशी,
मग वाटलं पायाशी बसावं,
आपल्या हद्दीत.
कोणाची होती, कुठं निघाली होती,
एका हातातल्या पाच बांगड्या कोणी फोडल्या,
हे त्या रात्री कोणत्याच सरकारनं विचारलं नाही.
मी विचारलं. ती पालथीच.

पहाटे माझा डोळा लागला असंल.
जागी झाली तं रेतीत ओढल्याच्या खुणा,
आणि तिचे पायही तिकडं.
बाजूला बांबू पडला होता.
बांबू इकडचा होता.
हे मी वर्दीत लिहिलं नाही.

म्हणून म्हणते, कायदा करा बापा,
दिल्लीत करा, मुंबईत करा,
चांगला जाड पुठ्ठ्याचा करा.
मला एवढंच समजून घ्यायचं आहे
का तो बांबू कोणाच्या ताब्यात राहील.

फॉर्मवर एक रकाना असतो: हद्द.
मी तिथं 'माझी' लिहून दिलं होतं.
ठाण्यातल्या मोहररानं लाल पेनानं खोडलं,
हसून म्हणाला, पोलीस पाटलाला हद्द नसते बाई,
गाव असते फक्त.
खाली मी खर्च लिहिला होता:
बॅटरीचे सेल, नग दोन, चाळीस रुपये.
तेही खोडलं.