मचूळ

आंबोळगडच्या सड्यावर
जांभ्याचा चिरा मांडीवर घेऊन
मुबीना होडेकर भोकं मोजत होती.
सुई घालायची, फुंकर मारायची,
वारा पलीकडे निघाला तर वहीत टिंब,
नाही तर फुली.

चिरेखाणीवरचा विसू राड्ये म्हणाला,
"बाय, दगडाची भोकां मोजून पानी गोड होतला काय?"

समुद्र होता तिथेच होता.
विहीरही.
मधे तीनशे पावलं जांभा, सगळा भोकाभोकांचा,
तरी साठ वर्षं चहा गोड.
मग गेल्या माघात, एका मंगळवारी,
पहिल्याच कळशीला जीभ अडली.
खाणीतून आणखी एक थर निघाला होता,
एवढंच.

रात्री शाळेच्या पडवीत
तिने आलेखाचा कागद पसरला,
चौकटीच्या एकेका कडेसाठी रुपया उडवला.
छापा, वाट. काटा, बंद.
"शंभरात तीस वाटा उघड्या असल्या तर
पाणी चार घरं जातं
आणि आपल्याच डबक्यात निजतं.
चाळीसला डबकी मोठी.
पंचेचाळीसला शेजारच्या डबक्याला कान लावून.
पन्नास ओलांडले की मग
कागद राजापूर तालुक्याएवढा घ्या,
पाणी आरपार."

"आणि बरोबर पन्नासावर?"

"तिथे नाणंच.
वरून खाली पाणी पोचलं नसेल
तर समजा, डावीकडून उजवीकडे
गडगा पोचलाय, कुठेही न तुटता.
दोघांतला एक पोचतोच.
दोघं मिळून कधीच नाही."

मला आमचा आणि काकांचा गडगा आठवला.
अकरा वर्षं तो पोचलेला आहे.

विसू इतका वेळ गप्प होता.
बिडी विझली तरी ओढत होता.
"मग तो चिरा कोनाचा?
ज्या चिऱ्यान् पानी ह्यां आत घेतलां?
माज्या हातचो?"

मुबीनाने रुपया मुठीत धरला.
"शेवटचा चिरा एकटा काही करू शकत नाही, विसूदा.
आधीचे सगळे निघालेले लागतात."

आधीचे सगळे.
शाळेची ही पडवी. मशिदीची पायरी.
बंदरावरचं बर्फाचं गोदाम.
विसूने ओंजळभर पाणी घेतलं, चूळ भरली,
थुंकायला कोरडी जागा शोधली,
आणि सापडेना म्हणून
गिळून टाकलं.

घरी आलो तेव्हा बॅटरीच्या उजेडात
आमचं जोतं दिसलं.
बावीस चिरे. त्याच खाणीचे.
मी त्यांना कान लावला नाही.