जास्तीची रोशनी

रात्री फोननं आपल्या मनानंच अपडेट घेतला,
सकाळपासून मले ओळखून नाही राहिला.
अंगठा लावला तं म्हणते, पुन्हा लावा.
लावला.
भांडे घासून रेघा गेल्या असतीन, बाप्पा,
पण कालपावतो तं चालत होत्या!

झोळीकाट्यात मडाव्याची रोशनी लटकली.
आठ किलो दोनशे.
पडद्यावर गोल फिरते, फिरतेच.
पोरीनं झोळीतच सू केली,
आता आठ दोनशे कुठचे?
तळहातावर पेनानं लिहून घेतलं.

घाटंजीचा रिपेअरवाला साजिद म्हणते,
ताई, फोन म्हातारा झाला,
नवं जेवण पचत नाही त्याले.
सहा वर्षांचा आहे.
माह्या अंगणवाडीतून सहाव्या वर्षी
पोट्टे शाळेत जातेत.

तापला होता, म्हणून माठाले टेकवून ठेवला.
दोन वाजता अंधारात टिंग, अन् लगेच टिंग:
नोंद जतन झाली.
नोंद जतन झाली.

सकाळी यादीत रोशनी दोनदा.
एकीचं वजन आठ दोनशे,
दुसरीचं शून्य.
खोडायची सोय नाही.

खिचडी टाकताना
मूठभर डाळ जास्तीची पडली.
काढली नाही मी.